बातमी आणि तिची दखल

वृत्तपत्रातील बातमीच्या आरंभी एखाद्या गावाचे नाव आणि तारीख छापलेली असते. वाचक त्या नावावरून नजर फिरवून पुढे जातो. त्या गावी ती घटना प्रथम कोणाच्या दृष्टीस पडली, तिची शहानिशा कोणी केली आणि ती दिल्ली, मुंबई वा कोलकात्याच्या संपादकाच्या मेजापर्यंत कशी पोचली, याचा विचार करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. परंतु आपल्या देशातील वृत्तव्यवसायाचा इतिहास पाहू लागलो, तर असे आढळते की, शासनाला व समाजाला हादरवून सोडणाऱ्या कित्येक बातम्यांचा उगम मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत झालेला नाही. एखाद्या खेड्यात, जिल्ह्याच्या गावी किंवा शहराच्या दुर्लक्षित वस्तीत राहणाऱ्या, अल्प साधनांच्या आणि बहुधा अप्रसिद्ध अशा व्यक्तीने त्या प्रथम लिहिल्या. मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली ती नंतर. कधी काही दिवसांनी, कधी काही वर्षांनी आणि कधी फार उशिरा.

ही दखल म्हणजे स्थानिक बातमीदाराला मिळालेली शाबासकी, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. बातमी लिहिली जाणे आणि बातमी परिणामकारक होणे, या दोन अवस्थांना जोडणारा दुवा म्हणजे ही दखल होय. हा दुवा वेळेवर जोडला गेला तर काय घडते आणि न जोडला गेला तर काय घडते, हे काही उदाहरणांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

जेसोरहून आलेली पत्रे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालमधील नदिया, जेसोर, पाबना इत्यादी जिल्ह्यांत निळीची लागवड मोठ्या प्रमाणावर होत असे. निळीचे युरोपीय मळेवाले रयतेला थोडीशी रक्कम बयाणा म्हणून देत आणि तिच्या मोबदल्यात उत्तम जमिनीवर नीळ पेरण्याचे बंधन घालीत. निळीचा भाव मळेवालेच ठरवीत. तो इतका अपुरा असे की बयाण्याची फेड कधी पुरी होत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी बसे. जो शेतकरी नकार देई त्याला लाठीवाल्यांकरवी मारहाण होई किंवा मळ्याच्या गोदामात डांबून ठेवले जाई. १८५९ साली नदिया जिल्ह्यातील रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला आणि १८६० च्या वसंतापर्यंत हा नकार आसपासच्या जिल्ह्यांत पसरला.

कोलकात्यातील बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रे त्या वेळी मळेवाल्यांच्या बाजूची होती. याला ठळक अपवाद म्हणजे हरिश्चंद्र मुखर्जी यांचे ‘हिंदू पेट्रियट’ हे साप्ताहिक. हरिश्चंद्र हे लष्करी हिशेब खात्यात कारकून होते व नोकरी सांभाळून संपादन करीत. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी पत्रे ते नियमाने छापू लागले. त्या पत्रलेखकांत जेसोर जिल्ह्यातील विशीच्या आतबाहेरचा एक तरुण होता. शिशिरकुमार घोष हे त्याचे नाव. तो गावोगाव फिरे, रयतेशी बोले आणि कोणत्या गावी काय घडले याची हकिकत कोलकात्यास धाडी.

या पत्रांचे वैशिष्ट्य त्यांच्या तपशिलात होते. कोलकात्यात बसून जुलमाविषयी सर्वसामान्य विधाने करणे कठीण नव्हते. परंतु गावाचे नाव व घटनेचा प्रकार सांगितला की नाकारणे अवघड होते. आठवड्यामागून आठवडे अशी पत्रे प्रसिद्ध होत गेली. एकाच पत्राने जे झाले नसते ते त्या सातत्याने घडवून आणले. मार्च १८६० च्या अखेरीस शासनाने नीळ आयोग नेमला. खुद्द हरिश्चंद्रांची त्याच्यासमोर साक्ष झाली. आयोगाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात या पद्धतीचे दोष उघड केले आणि रयतेला नीळ पेरण्याची सक्ती करता येणार नाही, हे तत्त्व मान्य झाले.

याची किंमतही मोजावी लागली. हरिश्चंद्रांवर एका मळेवाल्याने अब्रुनुकसानीचा दावा गुदरला. जून १८६१ मध्ये वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तरीही तो दावा थांबला नाही, त्यांच्या विधवा पत्नीवर चालू ठेवण्यात आला.

या प्रकरणात दोन व्यक्तींचे काम एकमेकांना पूरक होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खेड्यातील तरुणाजवळ माहिती होती. परंतु शासनाच्या कानापर्यंत जाणारा आवाज नव्हता. राजधानीतील संपादकाजवळ तो आवाज होता. पण गावातील घटना स्वतः पाहण्याची सोय नव्हती. दोघांची गाठ पडली म्हणून बातमी आयोगापर्यंत गेली.

गावातच निघालेली पत्रे

दुसऱ्याच्या पत्रात लिहिण्यापेक्षा स्वतःचेच पत्र काढावे, अशी इच्छा अशा लेखकांना होणे स्वाभाविक होते. कुमारखाली येथील हरिनाथ मजुमदार यांनी ईश्वरचंद्र गुप्त यांच्या ‘संवाद प्रभाकर’मध्ये काही काळ लेखन केले आणि १८६३ साली ‘ग्रामवार्ता प्रकाशिका’ हे स्वतःचे मासिक सुरू केले. नावाप्रमाणेच खेड्यांची वार्ता प्रकाशात आणणे हा त्याचा हेतू होता. मळेवाल्यांप्रमाणे देशी जमीनदारांच्या अन्यायाविषयीही ते निर्भीडपणे लिहीत. ‘कंगाल हरिनाथ’ हे त्यांचे लोकप्रिय नाव त्यांच्या सांपत्तिक स्थितीचे यथार्थ वर्णन करणारे होते. पत्र चालविताना ते कायमचे कर्जात राहिले.

शिशिरकुमार घोष आणि त्यांच्या भावांनी १८६८ च्या फेब्रुवारीत जेसोरमधील आपल्या गावी एक साप्ताहिक काढले. आपल्या आईच्या, म्हणजे अमृतमयीच्या, नावावरून त्यांनी तेथे बाजार वसविला होता. त्यावरून पत्राचे नाव ‘अमृत बाजार पत्रिका’ असे पडले. एका लाकडी छापयंत्रावर निघणारे हे पत्र १८७१ साली कोलकात्यास गेले आणि पुढे देशातील अग्रगण्य दैनिकांत गणले गेले. मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा येताच त्याच्या कक्षेतून सुटण्यासाठी पत्रिका पूर्णपणे इंग्रजीत निघू लागली, ही घटना सुप्रसिद्ध आहे. जेसोर आणि कुमारखाली ही दोन्ही स्थाने आज बांगलादेशात आहेत.

महाराष्ट्रातही या परंपरेचे एक लक्षणीय उदाहरण आहे. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील तरवडी या नेवासे तालुक्यातील खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक चालविले. शेतकऱ्याचे पत्र शेतकऱ्याच्या गावातून निघू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

भोपाळचे ‘रपट’

आता आपण अशा उदाहरणाकडे वळू, जेथे बातमी वेळेवर लिहिली गेली, पुन्हा पुन्हा लिहिली गेली, परंतु तो दुवा जोडला गेला नाही.

भोपाळ शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी रसायन १९८० पासून त्या कारखान्यातच तयार होऊ लागले. कारखान्याच्या भिंतीला लागून जयप्रकाशनगर, काझी कॅम्प यांसारख्या दाट व गरीब वस्त्या होत्या. डिसेंबर १९८१ मध्ये कारखान्यातील फॉस्जीन वायूच्या संपर्काने एका कामगाराचा मृत्यू झाला. हा कामगार राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराच्या परिचयाचा होता.

केसवानी ‘रपट’ नावाचे एक लहानसे हिंदी साप्ताहिक चालवीत. त्याचा खप सुमारे दोन हजार प्रती होता. रसायनशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. एका ओळखीच्या माणसाच्या मृत्यूचे कारण शोधण्याच्या निमित्ताने ते या विषयाकडे वळले. त्यांनी कामगारांशी बोलणी केली, ग्रंथ चाळले आणि कारखान्यातील कागदपत्रे मिळविली. मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी भोपाळच्या कारखान्याची सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहणी केली होती व तिच्या अहवालात अनेक गंभीर त्रुटी नोंदविल्या होत्या. हा अहवाल केसवानींच्या हाती आला. फॉस्जीन आणि मिथाइल आयसोसायनेट या दोहोंची वाफ हवेपेक्षा जड असते, ही माहिती त्यांना विशेष महत्त्वाची वाटली. हवेहून जड असलेला वायू वर जाऊन विरून जात नाही. तो जमिनीलगत पसरतो. आणि जमिनीलगत तर झोपड्या होत्या.

सप्टेंबर १९८२ मध्ये ‘रपट’च्या अंकात या शहराला वाचवा, अशा आशयाच्या मथळ्याखाली त्यांचा पहिला लेख आला. १ ऑक्टोबरच्या अंकातील लेखाच्या मथळ्यात भोपाळ ज्वालामुखीच्या मुखावर बसले असल्याचे म्हटले होते. ८ ऑक्टोबरच्या अंकात त्यांनी समजून घेतले नाही तर नष्ट व्हाल, असे बजावले. या दोन अंकांच्या मधल्याच दिवसांत कारखान्यात वायूची गळती होऊन आसपासचे रहिवासी घरे सोडून पळाले होते. म्हणजे इशारा आणि त्याचा पुरावा हे दोन्ही एकाच आठवड्यात शहरासमोर होते.

केसवानींनी मुख्यमंत्र्यांनाही पत्र लिहिले. प्रश्न विधानसभेपर्यंत गेला, पण तेथे तो टिकला नाही. कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवण्याजोगा दगड नव्हे आणि त्यात पंचवीस कोटी रुपयांची गुंतवणूक झाली आहे, असे तत्कालीन श्रममंत्र्यांनी डिसेंबर १९८२ मध्ये सभागृहास सांगितले. पुढे ‘रपट’ बंद पडले. केसवानींनी विषय सोडला नाही. जून १९८४ मध्ये दिल्लीच्या ‘जनसत्ता’ या दैनिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. एका राष्ट्रीय दैनिकाने जागा दिली होती; परंतु त्या लेखाचा पाठपुरावा झाला नाही. कोणी प्रतिनिधी कारखान्याच्या दारात गेला नाही, की कोणी शासनाला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री कारखान्यातील एका टाकीत पाणी शिरले. रासायनिक क्रिया अनावर होऊन सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. रसायन थंड ठेवणारे यंत्र बंद होते. बाहेर जाणारा वायू जाळून टाकणारी व्यवस्था निकामी होती. वायू जमिनीलगत पसरत वस्त्यांत शिरला. मध्य प्रदेश शासनाने पुढे नोंदविलेल्या मृत्यूंचा आकडा ३,७८७ आहे. वाचलेल्यांच्या संघटनांच्या मते तो त्याहून कितीतरी अधिक आहे. बाधितांची संख्या पाच लाखांवर गेली.

त्यानंतर जगभरचे पत्रकार भोपाळला आले. ‘रपट’चे जुने अंक शोधून काढण्यात आले, त्यांची छायाचित्रे घेतली गेली, त्यांतील मजकूर अनुवादित झाला. १९८५ साली केसवानींना पत्रकारितेतील प्रतिष्ठेचा बी. डी. गोएंका पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या व्यक्तिरेखेवर बेतलेली पात्रे पुढे चित्रपटांतूनही आली. मे २०२१ मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले, तेव्हा देशातील सर्व प्रमुख वृत्तपत्रांनी त्यांच्याविषयी लिहिले. ज्यासाठी त्यांनी लिहिले होते ते काम मात्र सन्मानाने साधणारे नव्हते. कारखान्याची देखभाल सुधारावी, वस्ती आणि कारखाना यांत अंतर पडावे, एवढीच त्या लेखांची मागणी होती. तिची मुदत २ डिसेंबरला संपली होती.

इशारा ऐकू का गेला नाही?

जेसोरची पत्रे फळास आली आणि भोपाळचे लेख वाया गेले, याची कारणे केवळ व्यक्तींच्या गुणदोषांत शोधणे योग्य होणार नाही. स्थानिक बातमीदार ज्या व्यवस्थेत काम करतो तिच्याकडे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट विश्वासाची. मोठ्या दैनिकात छापलेले विधान वाचक प्रथमदर्शनी खरे मानतो. लहान पत्रातील विधानाकडे प्रथमदर्शनी संशयाने पाहतो. या संशयाला मुळीच आधार नाही असे म्हणता येत नाही. जाहिरात न देणाऱ्या दुकानदाराविरुद्ध मजकूर छापणारी, निवडणुकीपुरती जन्मास येणारी आणि बातमी दाबून ठेवण्याचे पैसे घेणारी पत्रे गावोगाव आढळतात. त्यांच्यामुळे सचोटीने लिहिणाऱ्याच्या शब्दाचेही मोल उतरते. यावर उपाय एकच, तो म्हणजे विधान तपासून पाहणे. भोपाळच्या बाबतीत हे अवघड नव्हते. अहवाल उपलब्ध होता, कामगार बोलत होते, मृत्यूची नोंद होती. ते तपासण्यासाठी कोणी गेले नाही, ही खरी त्रुटी होती.

दुसरी गोष्ट बातमीच्या स्वरूपाची. वृत्तपत्रे घडलेल्या घटनेची बातमी देतात. घडू शकणाऱ्या घटनेची बातमी देण्याची रीत त्यांना फारशी अवगत नाही. आग लागली तर ती पहिल्या पृष्ठावर येते. आग लागण्याजोगी परिस्थिती आहे, हे वृत्त आतल्या पृष्ठावरही कष्टानेच येते. जवळ राहणाऱ्याला धोका रोज दिसत असतो. दुरून पाहणाऱ्याला तो धोका म्हणजे एक मत वाटते.

तिसरी गोष्ट आर्थिक. मोठी वृत्तपत्रे व वाहिन्या जिल्हा आणि तालुका पातळीवर बहुधा अंशकालीन वार्ताहर नेमतात. त्यांना पगार नसतो. अल्प मानधन किंवा बातमीगणिक रक्कम मिळते आणि पुष्कळ ठिकाणी आपल्या भागातून जाहिराती मिळवून देण्याचे कामही त्यांच्याकडे असते. जाहिरात देणारा तोच कंत्राटदार, तोच साखर कारखाना किंवा तोच पुढारी असतो, ज्याच्याविषयी लिहावयाचे असते. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकारांना काही हक्क दिले. परंतु ज्याचा तो मुख्य व्यवसाय आहे त्यालाच श्रमिक पत्रकार मानल्यामुळे दुकान किंवा शेती सांभाळून बातम्या पाठविणारा त्याच्या बाहेर राहिला. शासनाची अधिस्वीकृतीही अशांपैकी थोड्यांनाच मिळते. बातमी मोठी निघाली तर मुख्य कचेरीतून प्रतिनिधी येतो, त्याचे नाव छापले जाते आणि ज्याने त्याला गावात फिरविले तो ‘आमच्या वार्ताहराकडून’ या दोन शब्दांत मावतो.

चौथी गोष्ट सातत्याची. हरिश्चंद्रांनी जेसोरची पत्रे आठवड्यामागून आठवडे छापली. ‘जनसत्ता’तील लेख एकटाच राहिला. एखादी बातमी एकवार छापून येणे म्हणजे तिची नोंद होणे. तिच्यामागे उभे राहणे ही निराळी गोष्ट आहे आणि शासनाला उत्तर देणे भाग पडते ते तिच्यामुळेच.

बुंदेलखंडातील ‘खबर लहरिया’

हा दुवा दुसऱ्याने जोडण्याची वाट न पाहता तो स्वतःच घडविता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात सापडते. येथे मे २००२ मध्ये ‘निरंतर’ या दिल्लीच्या संस्थेच्या साह्याने ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतील पत्र सुरू झाले. बातम्या आणणे, लिहिणे, संपादणे आणि विकणे ही सर्व कामे ग्रामीण स्त्रिया करीत. त्यांत दलित, आदिवासी, मुस्लिम अशा समाजांतील स्त्रिया होत्या व त्यांपैकी कित्येक प्रौढ वयात साक्षर झालेल्या होत्या. या प्रयत्नाला पूर्वपीठिका होती. नवसाक्षर स्त्रियांनी १९९० नंतरच्या दशकात ‘महिला डाकिया’ नावाचे पत्रक चालविले होते आणि त्यातून लिहिण्याची सवय जडलेली होती.

‘खबर लहरिया’चे विषय मोठ्या दैनिकांना क्षुल्लक वाटणारे होते. हातपंप कधीपासून नादुरुस्त आहे, शिधावाटप दुकानात धान्य का पोचले नाही, रोजगार हमीच्या कामाची मजुरी कोणाला मिळाली व कोणाला नाही, आरोग्य केंद्राला कुलूप का असते, अत्याचाराची फिर्याद पोलीस का लिहून घेत नाहीत. परंतु ज्या गावात हे पत्र वाचले जाई तेथे याहून मोठी बातमी नव्हती. या स्त्रिया पायी वा मिळेल त्या वाहनाने खेड्यांत जात आणि पत्र स्वतःच विकत. वाचकाची आणि बातमीदाराची समोरासमोर भेट होत असल्यामुळे चूक झाल्यास जाबही समोरासमोरच द्यावा लागे. विश्वास मिळविण्याचा यापेक्षा खडतर आणि यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही.

बाहेरच्या जगाने दखल घेण्यास फार काळ लागला नाही. २००४ साली चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजाँग साक्षरता पुरस्कार लाभला. २०१३ पासून हे पत्र संगणकाच्या महाजालावर आले आणि काही वर्षांनी छापील अंक बंद होऊन चलच्चित्रांद्वारे वार्ता देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या स्त्रियांवर काढलेला ‘रायटिंग विथ फायर’ हा अनुबोधपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोचला. त्या प्रसंगी ‘खबर लहरिया’ने जे निवेदन काढले ते विचार करण्याजोगे आहे. चित्रपट प्रभावी आहे, हे मान्य करून त्यांनी म्हटले की, एका विशिष्ट राजकीय पक्षाविषयीचे वार्तांकन हाच आमचा एकमेव ध्यास आहे, असे त्यातून उभे राहणारे चित्र यथार्थ नाही. स्थानिक बातमीदाराची दखल घेताना बाहेरचा माणूस आपल्याला ठाऊक असलेल्या साच्यात त्याला बसवितो. हातपंप, शिधा आणि मजुरी यांची वीस वर्षांची नोंद त्या साच्यातून गळून पडते. आपली बातमी आपण सांगतो तशीच आपली ओळखही आपणच सांगू, असा त्या निवेदनाचा अर्थ होता.

याच सुमारास छत्तीसगडच्या आदिवासी भागात आणखी एक प्रयोग झाला. पूर्वी बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या दूरध्वनीवरून कोणीही गोंडी वा हिंदी भाषेत आपली वार्ता ध्वनिमुद्रित करावी, संपादकांनी तिची खातरजमा करावी आणि मग ती दूरध्वनीवरूनच इतरांना ऐकता यावी, अशी ही योजना. वार्तेसोबत संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक सांगण्यात येई. ऐकणारे दूरदूरचे लोक त्या अधिकाऱ्याला फोन करून काम का झाले नाही, असे विचारीत. ज्या भाषेत दैनिक निघत नाही त्या भाषेतील बातमीचा पाठपुरावा येथे श्रोतेच करू लागले.

दखल आणि संरक्षण

दुव्याचे आणखी एक कार्य आहे व ते सर्वांत महत्त्वाचे आहे. शहरातील पत्रकार बातमी देऊन परत जातो. स्थानिक बातमीदार ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्याच गल्लीत राहतो. त्याची मुले त्याच शाळेत जातात. त्याच्यामागे कोणी आहे की नाही, हे विरोधक आधी पाहतो.

हरियाणातील सिरसा येथे रामचंद्र छत्रपती ‘पूरा सच’ नावाचे सायंदैनिक चालवीत. २००२ साली तेथील बलाढ्य डेऱ्याच्या प्रमुखावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारे एक निनावी पत्र त्यांनी छापले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला त्यांच्यावर घराबाहेर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २१ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. पत्रातील आरोपांची उच्च न्यायालयाने दखल घेऊन चौकशी लावली होती. त्या खटल्यात डेराप्रमुखाला शिक्षा झाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. छत्रपतींच्या हत्येच्या खटल्यात विशेष न्यायालयाचा निकाल लागण्यास जानेवारी २०१९ उजाडले.

छत्तीसगडमधील बिजापूरचे मुकेश चंद्राकर राष्ट्रीय वाहिन्यांसाठी वार्तांकन करीत आणि ‘बस्तर जंक्शन’ ही यूट्यूबवरील स्वतःची वाहिनीही चालवीत. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांनी पकडून नेलेल्या एका जवानाची सुटका झाली, तेव्हा जंगलात जाऊन त्याला घेऊन आलेल्या स्थानिक पत्रकारांत ते होते. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील एका रस्त्याच्या कामातील गैरप्रकाराची बातमी त्यांच्या साह्याने एका राष्ट्रीय वाहिनीवर आली व शासनाने चौकशीचे आदेश दिले. १ जानेवारी २०२५ रोजी ते बेपत्ता झाले. ३ जानेवारीला एका कंत्राटदाराच्या आवारातील सांडपाण्याच्या टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. पोलिसांनी त्या कंत्राटदारासह काही जणांना अटक केली. मृत्यूनंतर त्यांचे नाव देशभर झाले. छत्तीसगड विधानसभेने पत्रकारांच्या संरक्षणाचे विधेयक मार्च २०२३ मध्येच संमत केले होते. महाराष्ट्राने असा कायदा २०१७ साली केला. विधेयके संमत होणे आवश्यकच होते. तथापि दूरच्या जिल्ह्यातील एकाकी माणसापर्यंत कायद्याचा हात पोचण्यास वेळ लागतो, हे या घटनेने दाखविले.

या सर्व उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. जवळ राहणाऱ्याला बातमी प्रथम कळते, याचे कारण ती त्याच्याच आयुष्यात घडत असते. ती दूरवर नेण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांची गरज असते. लेख वाचून तो तपासणाऱ्या, छापणाऱ्या आणि पुन्हा छापणाऱ्या संपादकाची. मोठ्या वृत्तपत्रांनी स्थानिक बातमीदाराचे नाव बातमीसोबत द्यावे, त्याच्या श्रमांचे योग्य मोल द्यावे आणि त्याच्यावर संकट आले असता त्याला आपला माणूस मानावे, या अपेक्षा काही फार मोठ्या नाहीत. पुरस्कार देण्याला खर्च कमी आणि समाधान अधिक असते. अंक हाती पडताच एक प्रतिनिधी गावी धाडण्यास थोडा अधिक खर्च येतो. भोपाळला तो सप्टेंबर १९८२ मध्ये येऊ शकला असता. त्या वेळी ‘रपट’चा अंक दोन हजार घरांत पोचलेला होता आणि हाती दोन वर्षांहून अधिक अवधी होता.